आज वर काय?

कौठमाळच्या धावपट्टीभोवती विमानांनी किती उंचीवरून फेरी घालायची, हे हेमांगी साळवीला आपल्या मुलीच्या वजनाइतकं तोंडपाठ होतं. जमिनीपासून हजार फूट. धावपट्टीच मुळात समुद्रसपाटीपासून साडेसोळाशे फूट उंच, तेव्हा विमानातल्या उंचीमापकावर दोन हजार सहाशे पन्नास. आणि ओवीचं वजन सात किलो नऊशे. चौदा महिन्यांच्या मानाने कमीच. पण ओवी दोन महिने आधी जन्मली होती, तिचं सगळंच जरा सावकाश चाललं होतं.

रविवारी सकाळी मिहीर बर्वे दारात उभा राहिला, तेव्हा ओवीच्या तोंडाला, कपाळाला आणि एका कानाला नाचणीचं सत्त्व लागलेलं होतं. मिहीरने आणलेलं खेळण्यातलं विमान तिने हातात घेतलं आणि सरळ तोंडात घातलं.

"हिला बरोबर कळलंय विमान कशाशी खातात ते," मिहीर म्हणाला.

हेमांगी हसली. मिहीर आणि ती एकाच वर्षी कौठमाळला विमान चालवायला शिकली होती. एकाच खोलीत बसून हवामानाचे तक्ते घोकले होते, एकाच मेसची पातळ आमटी प्यायली होती. आता तो 'नभवाट'चा माहितीप्रमुख होता. वैमानिकाच्या मांडीवरच्या टॅबमध्ये नकाशे, वारा, धावपट्ट्यांची माहिती दाखवणारं हे ॲप. लहान विमानांचे वैमानिक त्याच्याशिवाय चाक हलवत नसत. हेमांगीनेही गेल्या मे महिन्यात सोडेपर्यंत तीन वर्षं तिथे काम केलं होतं.

"प्रसाद?"

"कारखान्यात. आज त्याची पाळी आहे."

"बरं झालं. म्हणजे, तुझ्याशीच बोलायचं होतं." मिहीरने बॅगेतून एक कागद काढला, पण दिला नाही. "कौठमाळला अपघात झाला. दहा दिवस झाले. अक्षता वाघचौरे म्हणून मुलगी, एकोणीस वर्षांची. दुसऱ्या शाळेची विद्यार्थिनी, कौठमाळला पहिल्यांदाच येत होती, एकटी. फेरीत असताना एक चित्रबलाक, रंगीत करकोचा, काच फोडून आत आला. तरी उतरवलं तिने विमान. एका डोळ्याने."

"एका डोळ्याने म्हणजे?"

"डावा गेला, हेमे."

हेमांगीच्या हातातला चमचा तसाच राहिला. ओवीने मान पुढे काढून तो गाठला.

"किती उंचीवर होती?"

"हजार. आपल्या ॲपवर होती तेवढीच."

"आणि काळदाते अण्णा? ते काय म्हणाले?"

मिहीरने आता कागद पुढे केला. "चौकशी अधिकाऱ्यांना बुधवारपर्यंत हा हवाय. तुझ्या सहीने."

कागदावर चारच ओळी होत्या. कौठमाळच्या फेरीची उंची मी दर पंधरवड्याला धावपट्टीचे देखरेखकार श्री. धोंडीराम काळदाते यांच्याशी फोनवर बोलून पडताळत आले आहे. अपघाताआधीच्या मंगळवारीही मी त्यांच्याशी बोलले. त्यांनी विशेष काही सांगितले नाही.

तिने तो दोनदा वाचला.

"मिहीर, मे महिन्यापासून मी कोणालाच फोन केलेला नाही."

"तू नाही केलास," मिहीर ओवीकडे बघत म्हणाला. "तुझ्या आवाजाने केलेत."

*

छोट्या धावपट्ट्यांवर मनोरा नसतो, वरून 'तू उतर, तू थांब' म्हणून सांगणारं कोणी नसतं. विमानं आपली आपण धावपट्टीभोवती चौकोनी फेरी घालतात आणि एकेक करून उतरतात. हे सुरळीत चालतं ते एका साध्या शिस्तीवर: सगळ्यांनी एकाच उंचीवर राहायचं. मग दुसरं विमान आपल्या डोळ्यांच्या रेषेत दिसतं, वर-खाली शोधत बसावं लागत नाही. ती उंची बहुतेक ठिकाणी हजार फूट. पण कुठे टेकडी आडवी येते, कुठे शाळा असते, कुठे पवनचक्क्या उभ्या राहतात, आणि आकडा बदलतो. सरकारी पुस्तकात तो वर्षानुवर्षं जुनाच छापला जातो. बदल ठाऊक असतो फक्त तिथे रोज उभं राहणाऱ्या माणसाला.

हेमांगीचं काम होतं त्या माणसांना फोन करण्याचं. एकशे बारा धावपट्ट्या. कुठे निवृत्त फौजी, कुठे क्लबचा सेक्रेटरी, कुठे नुसताच शेजारच्या मळ्यातला जाणकार गडी. तिने ॲपमध्ये एक छोटी सोय करून घेतली होती. त्या पंधरवड्यात कुणीतरी डोळ्यांनी बघून सांगितलेली उंची भरीव वर्तुळात यायची. माहिती नसेल, अंदाजाने हजार धरले असतील, तर तुटक वर्तुळात. वैमानिकाला एका नजरेत कळायचं, कशावर किती विसंबायचं ते.

ही अक्कल तिची नव्हती. कौठमाळच्या काळदाते अण्णांची होती. हवाई दलात पंचवीस वर्षं विमानांच्या पत्र्याचं काम करून आलेले अण्णा रोज एका जाड वहीत आभाळ लिहीत. वारा, धुकट, पक्षी. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शब्द: 'पाहिले' किंवा 'ऐकले'. दोन्ही एका मापाने मोजायचं नाही, हा त्यांचा हट्ट. विद्यार्थ्याला विमानाची किल्ली देण्याआधीही ते एकच प्रश्न विचारत: "आज वर काय?" मग पोराने अंगणात उभं राहून मिनिटभर आभाळ न्याहाळायचं आणि दिसेल ते सांगायचं. मोबाइलमध्ये बघून सांगितलं तर त्या दिवशी उड्डाण रद्द. हेमांगीने पहिल्यांदा एकटीने विमान उतरवलं, तेव्हा रिवाजाप्रमाणे बादलीभर गार पाणी तिच्या डोक्यावर ओतलं तेही अण्णांनीच.

म्हणून प्रत्येक फोनच्या शेवटी, सगळे रकाने भरून झाले की ती विचारायची, "अण्णा, आज वर काय?" हळूहळू एकशे बाराही ठिकाणी ती हेच विचारू लागली. आणि माणसं बोलायची. शेवटच्या महिन्यांत ओवी मांडीवर असायची, मध्येच रडायची, आणि पलीकडून आवाज यायचा, "अगं आधी तिला घे, उंची कुठे पळून जातेय?"

मग मिहीर म्हणाला होता, नव्या लोकांना शिकवायला तुझे फोन रेकॉर्ड करून ठेवू या. तिने होकार दिला होता. मिहीरला नाही कशाला म्हणायचं?

*

"ऐकव," हेमांगी म्हणाली.

"कशाला उगाच..."

"ऐकव म्हणते ना."

मिहीरने फोन टेबलावर ठेवला. आणि तिच्या स्वयंपाकघरात तिचाच आवाज आला. तीच सुरुवातीची किंचित घाई, तेच वाक्याच्या मध्ये थांबून हसणं. 'काका, हेमांगी बोलतेय. जेवलात का? नाही हो, आज ओवी झोपलीय म्हणून निवांत आहे.' सत्त्वाच्या वाटीत बोटं बुडवत बसलेली ओवी थबकली. तिने आईकडे पाहिलं, मग फोनकडे, मग परत आईकडे.

"बंद कर."

"चारशे संभाषणांवरून शिकलाय तो," मिहीर म्हणाला. त्याच्या बोलण्यात अजून थोडा अभिमान होता, तो त्याला लपवता आला नाही. "नुसता आवाज नाही. कुठे थांबायचं, कुठे हसायचं, समोरचा गप्प झाला तर काय विचारायचं. आधी आम्ही साधं यंत्र लावून बघितलं. म्हातारे लोक फोन आपटायचे गं. तुझ्या आवाजाला सगळे बोलतात. तुझा चांगुलपणा वाया जाऊ नये एवढंच..."

"आणि अण्णांनी मला, म्हणजे त्याला, काहीच सांगितलं नाही?"

मिहीर जरा घुटमळला. "नोंदीत 'विशेष काही नाही' असं आहे."

"मी नोंदीचं नाही विचारत. ते काय बोलले?"

"आवाज आम्ही साठवत नाही. उत्तरातून रकाने भरले की पुसला जातो. उंचीच्या रकान्यात एकच आकडा मावतो. कोणी लांबण लावून काही सांगितलं, सकाळी एवढी नि दुपारी तेवढी असं काही, तर यंत्र आधीचा आकडा कायम ठेवतं."

"आणि तुटक वर्तुळ?"

"ते काढलं आपण. दिवाळीपासून. वैमानिकांना गोंधळायला व्हायचं. आता सगळं भरीव."

हेमांगीने आपला जुना टॅब उघडला. कौठमाळ. निळं, गच्च भरीव वर्तुळ, आत हजार. खाली बारीक अक्षरात: खात्री – हेमांगी साळवी. आणि अपघाताच्या दोन दिवस आधीची तारीख.

"मी सही नाही केली तर?"

"तर यंत्राने पडताळलं हे बाहेर येईल. एकशे बारा धावपट्ट्या एका दिवसात बिनभरवशाच्या होतील. वैमानिकांनी काय वापरायचं मग? ते जुनं पुस्तक?" मिहीर पुढे वाकला. "आणि सही केलीस तर कुणाचं असं काय नुकसान होतंय, सांग. अण्णा बहात्तर वर्षांचे आहेत. फार तर घरी बसवतील. तुझं बघ ना. आपलं सर्वेक्षणाचं विमान जूनपासून उडणार आहे. उजवी खुर्ची रिकामी आहे. तुझं लायसन्स नवं करायची व्यवस्था मी करतो. दोन वर्षं झाली तुला हातात विमान घेऊन, हेमे."

दोन वर्षं दोन महिने. तो आकडाही तिला पाठ होता. धुणी वाळत घालताना वरून एखादं विमान गेलं की तिचे पाय आपोआप पेडलं दाबल्यासारखे हलत, हे तिने प्रसादलाही सांगितलं नव्हतं. मिहीरला मात्र न सांगताच ठाऊक होतं. म्हणून तर तो नेमकं तेच घेऊन आला होता.

"कागद ठेवून जा," ती म्हणाली.

*

मंगळवारी सकाळच्या एसटीने ती ओवीला घेऊन कौठमाळला उतरली. फाट्यापासून धावपट्टीपर्यंतचं माळरान तिला ओळखू येईना. दक्षिणेची सगळी जमीन सौरऊर्जेच्या काळ्या काचांनी झाकली होती, पार धरणाच्या पाण्यापर्यंत. मार्चचं ऊन त्यांच्यावर पडून हवा लटलट हलत होती.

अण्णा शेडच्या सावलीत बाकावर बसले होते. तिला बघून उठले नाहीत.

"अण्णा, मी हेमांगी."

"आवाज ओळखतो की तुझा," अण्णा म्हणाले. "चांगला ओळखतो. त्याच आवाजाला चार वेळा सांगितलं मी."

"काय सांगितलं, अण्णा?"

"आता मलाच विचारतीस व्हय?" त्यांनी काठीने दक्षिणेकडे दाखवलं. "अकरा वाजले की त्या काचा तापतात. हवा खांबासारखी उभी वर चढती. धरणावरचे रंगीत करकोचे त्याच हवेत शिरतात, पंख न हलवता गोल-गोल वर जातात. आठशे, हजार, अकराशे फूट. नेमके आपल्या फेरीच्या वाटेवर. पूर्वीची विमानं घरघरायची, पाखरं बाजूला व्हायची. आता ही बॅटरीवरची. पाखराला कळतसुद्धा नाही मागनं काय आलं. मी आमच्या पोरांना अकरानंतर चौदाशेवर ठेवतो, उत्तरेच्या अंगाने. तुला सगळं सांगितलं. तू म्हणालीस, 'बरं झालं सांगितलंत अण्णा, आजच घालते.'"

"अण्णा..."

"ती पोर वायरलेसवर आली. मी ओरडलो, वर जा, उत्तरेला जा. ती म्हणाली, 'सर, ॲपमध्ये हजार आहे, खात्री केलेलं.'" अण्णांचा आवाज खाली गेला. "खात्री केलेलं. खाली नाव तुझं. मीच शिडी लावून काढली तिला. माझा सदरा धरून ठेवला होता तिने. आणि आता साहेब लोक म्हणतात, काळदाते, तुम्ही सांगितलंच नाही."

हेमांगीने जमेल तसं सांगितलं. रेकॉर्ड केलेले फोन, यंत्र, आवाज. बोलताना तिला स्वतःचंच बोलणं खोटं वाटायला लागलं. त्या आवाजात काहीही म्हटलं तरी ते आधी कुणीतरी वापरून उष्टं केल्यासारखं.

अण्णा ऐकत होते, पण चेहरा हलत नव्हता. "यंत्र," ते म्हणाले. "यंत्राला माझ्या गुडघ्याचं काय पडलंय? हिच्या मायला, दर वेळेला गुडघा विचारतीस तू! पोरीचं सांगतीस!"

"पोरीचं काय सांगते?"

अण्णा आत गेले आणि वही घेऊन आले. तिच्यासमोर धरली नाही, बाकावर ठेवली. हेमांगीने ओवीला खाली पथारीवर बसवलं आणि पानं उलटली.

'हेमांगीचा फोन. ओवीला दोन दात. ऐकले.' जुलै महिना.

'हेमांगीचा फोन. ओवी आधाराशिवाय बसते. ऐकले.' सप्टेंबर.

'हेमांगीचा फोन. ओवी धरून उभी राहते, खिदळते. ऐकले.' सोळा डिसेंबर.

'हेमांगीचा फोन. ओवीचा वाढदिवस. चालायला लागली. ऐकले.' जानेवारी. आणि त्यानंतरच्या चार फोनांपुढे: 'करकोच्यांचे सांगितले.'

ती वाचत राहिली. जुलैत ओवीला दात नव्हते. नोव्हेंबर उजाडला होता, आणि रोज बोटाने हिरड्या चाचपून हेमांगी रडकुंडीला आली होती. सप्टेंबरात ओवी उशांच्या मध्ये बसवली तरी कलंडायची. यंत्राला ओवीचं काय ठाऊक? काहीच नाही. मग त्याने चार मुलांचं होतं तेच हिचं धरलं. माहिती नाही तिथे हजार फूट; माहिती नाही तिथे सहाव्या महिन्यात दात. एक सरासरी मूल, वेळेवर जन्मलेलं, वेळेवर रांगलेलं, आणि त्याला तिच्या लेकीचं नाव.

"सोळा डिसेंबर," हेमांगी म्हणाली. तिचं बोट त्या ओळीवर होतं. "अण्णा, सोळा डिसेंबरला ओवी हॉस्पिटलमध्ये होती. न्यूमोनिया. नऊ दिवस. नाकात नळी होती हिच्या. मी फोन बंद करून ठेवला होता, सख्ख्या आईचासुद्धा घेत नव्हते." तिने पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला डिस्चार्जचा कागद काढला, तो ती अजूनही बरोबर बाळगायची, का ते तिलाही सांगता आलं नसतं. "आणि ही अजून चालत नाही, अण्णा. बघा ना तुम्हीच."

अण्णांनी चष्मा लावला. कागदावरची तारीख वाचली. वहीतली वाचली. मग कितीतरी वेळ पथारीवर बसून स्वतःच्या पायाचा अंगठा तपासणाऱ्या त्या बारक्या मुलीकडे बघत राहिले.

"खिदळते म्हणाली गं ती," ते पुटपुटले. "त्या दिवशी मी पेढे आणले होते."

ते पुन्हा आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक पांगुळगाडा होता. गुळगुळीत, तेलपाणी केलेला, तीन चाकांचा. हेमांगीने दांड्याला हात लावला आणि तिला लाकूड ओळखू आलं. शेडच्या भिंतीवर टांगलेला जुना लाकडी पंखा. ती ज्यावर शिकली त्या विमानाचा.

"जानेवारीत केला. तिला सांगितलं, तयार आहे, घेऊन जा. म्हणाली, 'किती गोड, अण्णा! येतेच या आठवड्यात.'" अण्णा बाकावर बसले. "मी दर आठवड्याला चाकांना तेल घालतोय."

हेमांगीने बोटाने एक चाक फिरवून पाहिलं.

"एक विचारू?" अण्णा म्हणाले. "रागावू नकोस. यंत्राने फसवलं, कबूल. त्या मिहीरने फसवलं. त्याच्याही डोक्यावर मीच पाणी ओतलं होतं. पण मेपासून आजपर्यंत तू स्वतः एकदा तरी केलास फोन? नुसता, काम नसताना?"

ओवी लहान होती, आजारी होती, हे सगळं खरंच होतं. आणि दहा महिन्यांत पाच मिनिटं होती, हेही.

"नाही," ती म्हणाली.

"हां." अण्णांनी मान हलवली. त्या मान हलवण्यात राग नव्हता. तो असता तर तिला सोपं गेलं असतं. "ती करायची. पंधरा दिवसांनी का होईना, विचारायची."

हेमांगीने मिहीरचा कागद काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर तिथेच बाकावर बसून लिहिलं. मे महिन्यानंतरचा एकही फोन माझा नाही. आवाज माझा आहे, बोलणं माझं नाही. सोळा डिसेंबरला मी कुठे होते त्याचा पुरावा सोबत. श्री. काळदाते यांनी चार वेळा इशारा दिला, त्यांच्या वहीची पानं सोबत. मग सही. एकेका पानाचा फोटो काढून तिने सगळं चौकशी अधिकाऱ्यांना पाठवलं आणि तेच मिहीरला. दोन मिनिटांत त्याचं उत्तर आलं. 'तू आम्हाला बुडवलंस. खुर्ची विसर.' तिने फोन पालथा ठेवला. समोर धावपट्टीवरून एक छोटं विमान आवाज न करता उठलं आणि उत्तरेकडे वळलं. तिचे पाय हलले. मग थांबले.

"अण्णा, यापुढे मीच फोन करत जाईन."

"आणि मला कसं कळायचं, तू कोण ते?"



*

अकरा वाजले आणि बाकावरचा अण्णांचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं: हेमांगी.

दोघंही त्याच्याकडे बघत राहिली. अपघातानंतरचा हा पहिलाच पंधरवडा; तो फोन थांबवायचं कुणाच्या लक्षातच आलेलं नव्हतं. अण्णांचं बोट सवयीने पुढे गेलं, मध्येच थबकलं, आणि मग त्यांनी तो स्पीकरवर घेतला.

"अण्णा, हेमांगी बोलतेय! चहा झाला का? गुडघा काय म्हणतोय?"

आवाजात हेमांगीचीच माया होती, तसूभरही कमी नाही. अण्णांचे ओठ उत्तरासाठी हलले. त्यांनी ते मिटून घेतले.

ओवी एव्हाना पांगुळगाड्यापर्यंत रांगत गेली होती. दांडा धरून, गुडघे लटपटवत ती उभी राहिली होती. आईचा आवाज ऐकून तिने मान वळवली. तिच्या एका बाजूला बाक, त्यावर बोलणारा फोन. दुसऱ्या बाजूला सहा हातांवर हेमांगी.

"सांगू का? अहो, ओवी आता घरभर पळते, अण्णा. ओवी, ये, अण्णा आहेत बघ फोनवर! ये गं सोनू!"

ओवीने फोनकडे पाहिलं. गाड्याचं पुढचं चाक त्या बाजूला किंचित वळलं.

हेमांगीच्या तोंडावर हाक आली होती. ती तिने गिळली. हाक काय, ती तर तिकडूनही येत होती, तशीच, तेवढ्याच लाडाची. ती नुसती खाली उकिडवी बसली आणि दोन्ही हात पसरले. काही बोलली नाही.

ओवी फोनकडून आईकडे आणि आईकडून फोनकडे बघत होती. तोंडाचा चंबू झाला होता, आता रडेल असं वाटत होतं. मग तिची नजर हेमांगीच्या चेहऱ्यावर आली आणि तिथेच राहिली. गाडा वळला. चाक करकरलं नाही. तेल घातलेलं होतं. एक पाऊल. गाडा पुढे पळाला, ती त्याच्यामागे ओढली गेली. दुसरं. तिसऱ्याला दांडा सुटला आणि ती आईच्या छातीवर येऊन आदळली.

"बरं अण्णा, आज वर काय?" फोनने विचारलं.

अण्णांनी वर पाहिलं. काळ्या काचांवर करकोच्यांचा थवा गोल गोल चढत होता, साठ-सत्तर तरी, पांढरे पंख उन्हात एकदम चमकायचे आणि वळले की दिसेनासे व्हायचे. अण्णा काहीच बोलले नाहीत. फोन थोडा वेळ थांबला. नेमका तेवढाच, जेवढा हेमांगी थांबायची.

"म्हणजे विशेष काही नाही," तो गोड आवाजात म्हणाला. "काळजी घ्या हं, अण्णा." आणि बंद झाला.

हेमांगी ओवीला धरून बसून होती. मान वर करून अण्णांकडे बघायचा तिला धीर होत नव्हता. तिला बाकाचा आवाज आला, वहीचं पान उलटल्याचा आला, मग पेन झटकल्याचा.

अण्णांनी तारीख घातली. करकोचे साठ ते सत्तर, उंची हजार, वर चढत आहेत, पाहिले. त्याखाली एक ओळ सोडली. चष्मा पुसला. आणि सावकाश, ठळक अक्षरात लिहिलं:

'हेमांगी आली. ओवी तीन पावले चालली. पाहिले.'